चौदा चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं?

प्रश्न: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं महिला मंडळ गेली सहा वर्षं ऑक्टोबर महिन्यात स्तनांच्या कॅन्सरविषयी कार्यक्रम करतं. गुलाबी साड्यांची फेरी, व्याख्यान, मोफत तपासणी. गेल्या वर्षी सकाळी दहा ते एक या वेळात एका डॉक्टरबाईंनी १८० जणींना तपासलं आणि १४ जणींना 'पुढील तपासणी करावी' अशी चिठ्ठी दिली. त्यांचं पुढे काय झालं, ते कोणी विचारलं नाही. गेल्या महिन्यात कळलं की त्यातल्या एकीला तिसऱ्या टप्प्याचा कॅन्सर निघालाय. चिठ्ठी तिने देव्हाऱ्याखालच्या डब्यात जपून ठेवली होती. मंडळाच्या कार्यवाह लिहितात: "आम्ही एवढी जागृती केली आणि तरी ही बाई दहा-अकरा महिने घरी बसून राहिली. मग उपयोग काय? मला तर कार्यक्रम बंदच करावासा वाटतो. बाकीच्या म्हणतात, यंदा दुप्पट मोठा करू. एक लॅब प्रायोजक व्हायला तयार आहे, सगळ्यांची 'कॅन्सरची रक्ततपासणी' मोफत करून देते म्हणते. गेल्या वर्षी ४२ हजार खर्च झाला. काय करावं?"

ताई,

आधी त्या डब्याबद्दल बोलू. जिला कळलंच नाही किंवा पटलंच नाही, ती बाई कागद फेकून देते, नाहीतर त्यात मुलांचा खाऊ बांधते. देव्हाऱ्याखाली ठेवत नाही. म्हणजे तुमची जागृती तिच्यापर्यंत पोचली होती. अडलं ते त्याच्या पुढे. 'पुढील तपासणी करावी' या तीन शब्दांत कोणती तपासणी, कुठे, कोणत्या वारी, किती पैसे आणि सोबत कोण, यातलं काहीच नव्हतं. त्यात ऑक्टोबर. तुमच्या भागात सोयाबीनची काढणी, पाठोपाठ दिवाळी, मग कापसाची वेचणी. आणि गाठ दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, हा आपल्याकडचा पक्का समज आहे, आणि स्तनातल्या गाठीच्या बाबतीत तो नेमका घातक ठरतो, कारण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. तेव्हा 'घरी बसून राहिली' हा शब्दप्रयोग मागे घ्या. दोष तुमच्याही माथी मारत नाही. पण चूक नेमकी कुठे झाली ते ओळखलं नाही, तर बंद करा किंवा दुप्पट करा, दोन्हींतून हाती तेच येईल.

तीन तासांचं गणित मांडू. तीन तास म्हणजे १८० मिनिटं, आणि बायका १८०. एकीला एक मिनिट, त्यातच पदर बाजूला करणं, ब्लाउज काढणं-घालणं आणि 'पाळी कधी आली होती?' हा प्रश्न. हाताने केलेली नीट तपासणी कशी असते ते सांगते. बाई आधी बसलेली असताना दोन्ही बाजू डोळ्यांनी बघायच्या: त्वचा कुठे आत ओढली गेलीय का, संत्र्याच्या सालीसारखी दिसतेय का, बोंड आत गेलंय का, त्यावर खवले किंवा जखम आहे का. मग हात वर करायला सांगून पुन्हा बघायचं. काखेत आणि गळपट्टीच्या हाडाच्या वर बोटं घालून गाठी चाचपायच्या. मग आडवं झोपवून, हात डोक्याखाली घेऊन, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी नाण्याएवढी लहान वर्तुळं काढत जायचं. प्रत्येक जागी तीन दाब: वरवरचा, मध्यम, बरगडीपर्यंतचा. वरून खाली, मग खालून वर, शेतात तास घालतात तसं, काखेच्या मध्यापासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत. एका बाजूला किमान तीन मिनिटं लागतात. सगळं धरून एकीला दहा. म्हणजे एका तपासनिसाला तीन तासांत १८ बायका होतात. तुम्हाला १८० तपासायच्या असतील तर एकतर दहा तपासनीस हवेत किंवा दहा सकाळी.

घाईच्या तपासणीचा आणखी एक तोटा आहे, तो चिठ्ठ्यांच्या यादीत दिसत नाही. उरलेल्या १६६ जणींना 'आपलं नॉर्मल आलं' असं वाटून गेलं. त्यातल्या एखादीला डिसेंबरात गाठ लागली असेल, तर ती म्हणणार, ऑक्टोबरातच तर दाखवलं होतं. म्हणून ज्यांना काही सापडलं नाही त्यांनाही एक वाक्य सांगून पाठवायचं: आज काही लागलं नाही, पण यापुढे काहीही नवं दिसलं तर पुढच्या शिबिराची वाट न बघता या.

हा ऑक्टोबर आला कुठून, तेही बघू. १९८५ मध्ये अमेरिकेत अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि एका औषध कंपनीने मिळून तो सुरू केला. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घ्या, हा त्याचा मुख्य संदेश. त्या कंपनीची पुढे जी वारस कंपनी झाली, ती स्तनांच्या कॅन्सरवरचं औषधही विकत होती. गुलाबी फीत आली १९९२ मध्ये. त्याआधी शार्लट हेली नावाच्या ६८ वर्षांच्या बाई पीच रंगाच्या फिती घरी बनवून वाटत होत्या. सरकारी कर्करोग संस्थेच्या निधीतला जेमतेम ५ टक्के पैसा प्रतिबंधावर जातो, अशी तक्रार असलेलं कार्ड त्या फितीला जोडलेलं असे. एका मासिकाने आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने ती फीत मागितली. बाईंनी नकार दिला, हे फार धंदेवाईक होतंय म्हणून. मग रंग बदलून गुलाबी केला गेला. तक्रार गळाली, फीत राहिली. हे सांगून तुमच्या गुलाबी साड्या उतरवायच्या नाहीत. मुद्दा एवढाच की तो संदेश जिथे गावोगावी मॅमोग्राफीची यंत्रं आहेत अशा देशासाठी होता. तुमच्या तालुक्यात यंत्र नाही, पण बोटं आहेत, डोळे आहेत, आशाताई आहेत. संदेशही त्याच ऐवजाला धरून हवा.

आणि बोटांनी काम होतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलने वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. साध्या आरोग्य कार्यकर्तींना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडले आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तशी घट दिसली नाही. यातून दोन गोष्टी घ्या. तपासणारी डॉक्टरच असली पाहिजे असं नाही, ती शिकलेली असली पाहिजे. आणि तुमच्या शिबिराला साठीच्या आज्या किती येतात? बहुतेक अशा कार्यक्रमांना तिशीतल्या हौशी सुनाच जास्त असतात. सासूबाई घर सांभाळायला मागे.

याच्या उलट 'दर महिन्याला आरशासमोर अमुक पायऱ्यांनी स्वतः तपासा' ही पत्रकं. शांघायमध्ये अडीच लाखांहून अधिक गिरणी कामगार बायकांवर याची मोठी चाचणी झाली. स्वतपासणी शिकवल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, फक्त साध्या गाठींच्या बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासण्या, वाढल्या. म्हणून पायऱ्यांची घोकंपट्टी नको. अंघोळीच्या वेळी आपलं अंग आपल्या ओळखीचं असावं, आणि बदल दिसला तर दाखवावं, एवढं पुरे. कोणते बदल? नवी गाठ, काखेतली गाठ, त्वचेवर खळगा, आत गेलेलं बोंड, बोंडातून आपोआप येणारं रक्त, मलमाने न जाणारी बोंडावरची खाज-खपली.

लॅबचा प्रस्ताव नाकारा. यात मधला मार्ग नाही. सीए १५-३ सारखे रक्तातले 'मार्कर', म्हणजे कॅन्सरमध्ये वाढू शकणारे घटक, निरोगी दिसणाऱ्या बाईत कॅन्सर शोधण्यासाठी नसतात. निदान झालेल्यांच्या उपचारात कधीकधी वापरतात. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ते नॉर्मल येऊ शकतात आणि कॅन्सर नसतानाही वाढलेले दिसू शकतात. म्हणजे जिला गाठ आहे ती 'रक्त चांगलं आलं' म्हणून स्वस्थ, आणि जिला काही नाही ती रात्रभर जागी. लॅबच्या हाती मात्र दोनशे फोन नंबर. छातीचं तापमान मोजणारं स्कॅन कोणी देऊ केलं तरी तेच उत्तर द्या. ते मॅमोग्राफीची जागा घेत नाही. लॅबला खरंच मदत करायची असेल, तर चिठ्ठी मिळालेल्या बायकांच्या बायोप्सीच्या तपासणीत सवलत द्या म्हणावं. किती उत्साह टिकतो ते कळेल.

आता चिठ्ठी. यंदा ती अशी लिहा: "उजवं स्तन, दहाच्या काट्यावर, बोंडापासून ३ सेंमी, सुमारे २ सेंमीची गाठ, घट्ट, न दुखणारी. वय ४८. शेवटची पाळी अमुक तारीख. मॅमोग्राफी व सोनोग्राफी, दोन्ही." घड्याळाच्या काट्याने जागा लिहिली की सोनोग्राफी करणारा नेमका तिथेच बघतो. वय चाळिशीच्या आत असेल तर आधी सोनोग्राफी, कारण तरुण स्तनांतल्या दाट ऊतींमुळे मॅमोग्राफीत गाठ झाकली जाते. मागच्या बाजूला केंद्राचं नाव, वार, वेळ, अंदाजे दर आणि सोबत येणारीचा फोन. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नये, हेही लिहा. पावडरचे कण फिल्मवर चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि उगाच फेरी पडते. ब्लाउज आणि साडी किंवा सलवार-कमीज असं दोन तुकड्यांचं घालून जावं, गाऊन नको.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी 'बायरॅड्स' म्हणून एक आकडा असतो. १ आणि २ म्हणजे काळजीचं काही दिसलं नाही. ३ म्हणजे बहुधा साधी गोष्ट, सहा महिन्यांनी पुन्हा. ४ किंवा ५ म्हणजे बायोप्सी, आणि ती लगेच. शून्य आला की घरची मंडळी खूश होतात, शून्य म्हणजे काहीच नाही असं समजून. शून्याचा अर्थ 'एवढ्यावरून सांगता येत नाही, आणखी फिल्म किंवा सोनोग्राफी करा' असा आहे. आणि हाताला गाठ लागत असेल, तर रिपोर्ट चांगला आला तरी तो घेऊन डॉक्टरकडे परत जायचंच. हात, फिल्म आणि सुई या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

सुईबद्दल तुमच्याकडे हमखास ऐकू येईल की सुई लावली की कॅन्सर पसरतो. पसरत नाही. उलट सुईची बायोप्सी न करता 'छोटीशी गाठ आहे, काढून टाकू' म्हणून थेट कापणं हेच नुकसानीचं, कारण पुढे कॅन्सर निघाला तर सगळं ऑपरेशन पुन्हा आखावं लागतं. कोणत्याही कारणाने गाठ काढलीच, तर ती तपासायला पाठवली का आणि रिपोर्ट कुठे आहे, हे विचारायला चौथी शिकलेल्या बाईनेही लाजू नये. हेही सांगत राहा की बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. नाहीतर चिठ्ठी म्हणजे शिक्षाच वाटते.

कार्यक्रम बंद करू नका, दुप्पटही करू नका. यंदा फेरी आणि मंडपाचे पैसे वाचवून ४२ हजारांतले निम्मे तरी 'चिठ्ठी निधी' म्हणून वेगळे काढा: जीप, तपासणीची फी, एका दिवसाची मजुरी. मजुरीचा भाग वगळू नका. वेचणीच्या दिवसांत दिवस बुडतो म्हणूनच कितीतरी जणी जात नाहीत. शिबिराआधी सहा आठवडे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या आणि आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकारी व आशाताई मागा. तिशीपुढच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी करायची, हे सरकारच्याच कार्यक्रमात आहे. तुम्ही उपकार मागत नाही. चार प्रशिक्षित तपासनीस मिळाल्या तर सकाळी ७२ बायका होतील. तेवढ्यांचीच नावं आधी घ्या, पन्नाशीपुढच्यांना प्राधान्य देऊन.

एक जाड वही करा. नाव, वय, फोन, दुसऱ्या विश्वासाच्या माणसाचा फोन, 'फोनवर काय बोललेलं चालेल', काय सापडलं, कुठे पाठवलं, कोण सोबत गेलं, निदान काय, तारीख. ही वही दोघींकडेच राहील, तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जाणार नाही. चिठ्ठी मिळालेल्यांच्या रांगेचे फोटो तर काढूच नका. लग्नाच्या मुली असतात घरात, बातमी कुठल्या कुठे जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनांच्या कॅन्सरसाठी जी उद्दिष्टं ठरवली, त्यात बाईने पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं असं एक आहे. शिबिर १२ ऑक्टोबरला घेतलंत तर ११ डिसेंबर ही तुमची तारीख. त्या दिवशी वहीतला शेवटचा रकाना भरलेला हवा, आणि मंडळाचा वार्षिक अहवाल 'किती आल्या' याऐवजी त्या रकान्यावरून लिहा.

ऑक्टोबरलाच चिकटून राहायला हवं असंही नाही. तुमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका तेव्हाच गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांना ऑक्टोबरात चिठ्ठी देणं म्हणजे फडापर्यंत पाठीला लागणारी काळजी देणं. त्यांच्यासाठी एप्रिलमध्ये वेगळी सकाळ ठेवा. आणि जानेवारीचा विचार करा. बाहेरच्या कॅलेंडरात तो गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना, आणि आपल्याकडे संक्रांत ते रथसप्तमी घरोघर बायका जमतात. फक्त त्याला हळदीकुंकू म्हणू नका, तिळगुळाचा कार्यक्रम म्हणा. हळदीकुंकवाला विधवा येत नाहीत किंवा कोपऱ्यात बसतात, आणि वय वाढलेल्या, कधीच न तपासलेल्या बायका त्यांच्यातच जास्त.

गर्भाशयमुखासाठी तर तुमच्याच शेजारचं उदाहरण जगभर सांगितलं जातं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू शोधणारी चाचणी) त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मात्र तिथे चाचणीत दोष निघालेल्या बाईला पुढच्या तपासणीपर्यंत आणि उपचारापर्यंत नेण्याची सोय आधीच केलेली होती. ही चाचणी मंडपात होत नाही. पडदा, टेबल, उजेड आणि शिकलेली नर्स लागते, म्हणून आरोग्य केंद्रातच ठेवा. तोंडाची तपासणी मात्र कुठेही होते, एक टॉर्च पुरतो. मिश्री लावणाऱ्या बायका तुमच्या गावात कमी नाहीत. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा उभी तीन बोटं मावत नाहीत इतकंच उघडणारं तोंड दिसलं, की चिठ्ठी.

आता ती एक बाई. तिसरा टप्पा म्हणजे उपचार नाहीत असं मुळीच नाही; बहुतेकदा आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन असा क्रम असतो. बायोप्सीवर ईआर, पीआर आणि हर-टू या तीन चाचण्या झाल्यात का ते पाहा, कारण औषध त्यावर ठरतं. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आजच तपासा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत आणि गाडी अडते ती बहुतेक माहेर-सासरच्या नावांवर. केमो पुष्कळदा २१ दिवसांनी एकदा असते. मधल्या काळात ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, साधारण तीन ते पाच आठवडे, म्हणजे शहरात राहण्याची सोय लागते. अर्ध्यावर उपचार सुटतात ते इथे. मंडळाने तिच्या घरचा डबा आणि मुलांची शाळा वाटून घेतली, तर ती पूर्ण करेल.

शिबिराची तारीख ठरवण्याआधी मात्र उरलेल्या तेरा जणींना फोन करा, याच आठवड्यात. तुम्ही स्वतः करा, ग्रुपवर निरोप नको. "गेल्या वर्षी चिठ्ठी दिली होती, तपासणी झाली का? झाली असेल तर रिपोर्ट बघायला येते. नसेल तर गुरुवारी जीप आहे, मी सोबत आहे." चिठ्ठी हरवली असेल तर नवी करून द्या, का हरवली ते विचारू नका. घरच्या दुसऱ्या कुणी फोन उचलला, तर 'मंडळाच्या कामासाठी केला होता, दुपारी पुन्हा करते' एवढंच सांगा आणि ठेवा.